सोळा मैलांच्या पुढे

रात्रपाळी सुटल्यावर कंपनीची बस वीज केंद्राच्या राखेच्या तलावाला वळसा घालून ऊर्जानगरकडे निघाली, तेव्हा वामन खिडकीच्या काचेला डोकं टेकून अर्धवट झोपेत होता. जानेवारीचा महिना. धुकं आणि राख यांत फरक करता येऊ नये अशी सकाळ. पुढच्या सीटवरचा बाबुलाल एकदम ओरडला, "अबे पाहा पाहा, ते बाई कशी पळून राह्यली! मांगं वाघ लागला का काय?" सगळी बस उजव्या खिडक्यांकडे कलली आणि हसली. रस्त्याच्या कडेने एक बाई पाठमोरी धावत होती. सलवार, कॅनव्हासचे पांढरे बूट, अंगात पुरुषी स्वेटर, डोक्याला आणि तोंडाला गुंडाळलेला मफलर. वामनही हसला. सगळ्यांच्या हसण्यात त्याचंही हसणं मिसळलं, आणि ते पुरतं तोंडाबाहेर पडण्याआधीच बस तिच्या बरोबरीला आली. स्वेटरच्या कोपरावर हिरव्या लोकरीचा रफू होता. स्वेटर त्याचा होता. रफू कांताच्या हातचा होता.

बस पुढे गेली. कोणी ओळखलं नव्हतं. बाबुलाल दुसऱ्या विषयावर गेला, कोणीतरी बिडी पेटवली, आणि वामन काचेकडे तोंड करून बसून राहिला. आपली बायको रस्त्याने धावत होती याची लाज त्याला वाटली असती तर बरं झालं असतं. लाज ही ओळखीची गोष्ट आहे, तिचं काय करायचं ते माणसाला ठाऊक असतं. त्याला वाटत होतं ते वेगळंच. एक तर आपण हसलो होतो. आणि दुसरं म्हणजे, मफलरच्या वर तिचे डोळे क्षणभर दिसले होते, आणि ते बसकडे वळले नव्हते. एवढी मोठी, घरघरणारी, पन्नास माणसांची बस हातभर अंतरावरून गेली, आणि ती तिला दिसलीच नव्हती. बारा वर्षांच्या संसारात कांताने न पाहिलेली गोष्ट त्याला आठवेना. भाजीवाल्याच्या काट्यातला पासंग तिला दिसे, दवाखान्यात पेशंट दारात आल्याबरोबर ताप किती असेल हे तिला दिसे, त्याच्या चेहऱ्यावरून पाळी कशी गेली ते दिसे. मग हे डोळे कोणाचे?

घरी आला तर कुलूप. त्याच्याकडची किल्ली लावून तो आत गेला आणि खाटेवर बसून राहिला. अर्ध्या तासाने ती आली, स्वेटर दोरीवर टाकला, तोंड धुतलं. तिचे कान लाल झाले होते. "चाय ठेवू?" "ठेव." चहा झाला. ती आंघोळ करून, पांढरी साडी नेसून वसाहतीच्या दवाखान्यात ड्युटीला गेली. दुसऱ्या दिवशीही असंच झालं. तिसऱ्या दिवशी बशी खाली ठेवता ठेवता त्याने विचारलं, "माहा स्वेटर घेऊन कुठी जातं तू?"

कांता उठली. मग ट्रंकेतून तिने एक निळं पत्र काढलं.

पत्र मार्गारेट सिस्टरचं होतं. लग्नाआधी कांता एका मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकत होती, तेव्हा कुष्ठरोग्यांच्या तपासणीसाठी दोघी दोन वर्षं गावोगाव पायी हिंडल्या होत्या. पुढे सिस्टर स्कॉटलंडला आपल्या घरी परतली, पण वर्षाला दोन पत्रं येत. मागच्या पत्रात कांताने अंजनाबाईबद्दल लिहिलं होतं. अंजनाबाई म्हणजे कांताची मावशी. नवरा गेल्यावर तिने गडचिरोलीत बस स्टँडच्या मागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि तिकडच्या आतल्या गावांतल्या सतरा मुली शाळेसाठी आपल्याजवळ ठेवल्या. बोर्डिंग म्हणावं तर पाटीसुद्धा नव्हती. आता घरमालकाला पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत खोल्या रिकाम्या हव्या होत्या. तिथल्या बौद्ध समाजाने गावाबाहेर जागा दिली होती, पण जागेवर भिंत नव्हती. मुली परत गेल्या की गेल्या. घरी गेलेली मुलगी फिरून शाळेत येत नाही, हे अंजनाबाईने पुष्कळदा पाहिलं होतं. त्यावर सिस्टरने लिहिलं होतं की, आमच्या गावात दर सप्टेंबरात सव्वीस मैलांची शर्यत होते. इथे माणसं एखाद्या कामासाठी धावतात, आणि ओळखीपाळखीचे लोक त्यांनी धावलेल्या मैलांप्रमाणे त्या कामाला मदत करतात. तू ये. तुझ्या तिकिटाचं आमची चर्चची मंडळी पाहतील. तू चालायला लागलीस की मी मागे पडायची, हे मी अजून विसरलेले नाही.

वामनने पत्र कांताकडून दोनदा वाचून घेतलं. "देयाचेच हायेत तं असेच देऊन टाकाव ना. तुले काऊन धावाले लावतेत?"

"मले बी नाई समजलं जी," कांता म्हणाली. "पन तिकडं असंच असते म्हन्ते."

ते त्याला पुढेही समजलं नाही. एका रविवारी दोघं गडचिरोलीला गेले, तेव्हा अंजनाबाईकडची बुधरी नावाची सातवीतली मुलगी त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. माडिया आदिवासी मुलगी, मराठी बोलण्याआधी प्रत्येक शब्द तपासून पाहणारी. तिने विचारलं, "काका, काकू तिकडं धावतीन, तं इकडं भिंत कशी होईन?" बुधरी वाट पाहत राहिली. मग तिची तीच म्हणाली, "आमच्याकडं कोनी धावला तं फक्त घाम येते." तिला हसू आलं नव्हतं. ती खरोखरच विचार करत होती, आणि वामनला वाटलं की सगळ्या ऊर्जानगरात इतका नीट विचार कोणी केलेला नाही.

त्यानंतर रात्रपाळी नसेल तेव्हा तो सायकल घेऊन तिच्यासोबत जाऊ लागला. कोणी तसं ठरवलं नव्हतं. एकटीने मोहर्लीच्या जंगलाच्या रस्त्याला जाणं बरं नाही, एवढंच तो म्हणाला. मनगटावर एचएमटीचं घड्याळ, हँडलला पाण्याची बाटली आणि गूळ, मागे कॅरिअरवर काठी. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. उन्हं वाढली तशी ती पहाटे साडेचारला निघू लागली. सुरुवातीला तो बोलायचा. दोन किलोमीटर झाले, तीन झाले, आता दम खा, तिकडून ट्रक येऊन राह्यला. मग त्याच्या ध्यानात आलं की ती उत्तर देत नाही. मग तोही गप्प झाला. सायकलच्या चेनचा आवाज, तिच्या बुटांचा आवाज, तिचा श्वास. तीन पावलांना आत, तीन पावलांना बाहेर. हा श्वास त्याने बारा वर्षं रात्री शेजारी ऐकला होता, आणि त्याला कळलं की आपण ऐकला नव्हता. आपल्याला जे माहीत होतं ते या श्वासाचं फक्त निजलेलं रूप होतं. पोळ्या लाटणारे, बाटल्या उकळणारे, सलाईनची सुई अचूक टोचणारे हे खांदे, हे दंड आतून असे आहेत, हे कोणाला माहीत होतं? तिला तरी होतं का? मूल झालं नाही तेव्हा नागपूरच्या डॉक्टरने तिचं शरीर तपासून कागदावर चार ओळी लिहून दिल्या होत्या, आणि तेव्हापासून दोघंही त्या शरीराबद्दल जपून, हळू आवाजात बोलत आले होते, एखाद्या कायमच्या आजारी नातेवाइकाबद्दल बोलावं तसे. आता ते शरीर त्याच्या पुढून चाललं होतं. पंधरा किलोमीटर. अठरा. बावीस. अठ्ठावीस. चढावर त्याला सायकलवरून उतरावं लागे. ती उतरत नसे, तिला उतरायला काही नव्हतंच.

वसाहतीत बोलणं झालंच. बाबुलालने एकदा कॅन्टीनमध्ये विचारलं, "वामनभाऊ, भाबी विलायतेले चालली म्हन्तेत. तुमी इथी भाकरी थापान का?" वामन म्हणाला, "थापीन." एवढंच म्हणाला, पण म्हणताना त्याच्या छातीत जे भरून आलं त्याला नाव देता येईना. अभिमान म्हणावा तर त्यात त्याचं काहीच नव्हतं. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला, खुर्चीवर बसला, चहा प्याला. "बाई, जाऊन कायले राह्यल्या?" "धावाले." त्याने पेन उचललेलं तसंच ठेवलं. "धावाले म्हंजे?" "सव्वीस मैल." पोलिसाने वामनकडे पाहिलं. वामनने मान हलवली. पोलिसाने टोपी काढून मांडीवर ठेवली, बराच वेळ कागदाकडे पाहिलं, मग 'क्रीडा' असं लिहिलं, आणि जाता जाता दारात थांबून म्हणाला, "आमच्या ट्रेनिंगात पाच मैल होते बाई. मी चौथ्यात पडलो होतो."

मे महिन्यात सुट्टी काढून दोघं आलापल्लीला गेले. वामनचे वडील रामाजी जंगल खात्याच्या कूपात, तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलात, सागवान तोडायला होते. ते गेले, पण थोरला भाऊ अजून तिथेच होता. तिथला रस्ता सरळ आणि दोन्ही बाजूंना साग. उन्हाळ्यात साग नागवा असतो. पाय ठेवावा तिथे थाळीएवढी वाळलेली पानं. लहानपणी वडिलांसोबत याच रस्त्याने जाताना वामन झाडांकडे पाहत नसे. झाडं मोजायची, खुणा करायची, पाडायची असत, वर पाहायची नसत. आता सायकल चालवताना तो वर पाहत होता. तो इतक्या उंचीखाली वाढला होता आणि त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी कांताला वीस मैल करायचे होते. साधारण सोळावा मैल संपताना चढ लागला आणि सायकलची चेन पडली. "थांब थोडी," तो ओरडला. ती थांबली नाही. तो खाली बसून चेन चढवू लागला. चेन दाते सोडून आत अडकली होती, हात काळे झाले, बोट चिमटलं. तिच्या पावलांचा आवाज वाळलेल्या पानांवरून लांब लांब गेला, मग वळणाआड गेला, मग राहिलाच नाही. वामनने मान वर केली. कुठेच काही हलत नव्हतं. आधी त्याला अस्वलाची भीती वाटली. मग वाटलं, ती पडली असेल. मग ही दोन्ही भयं साधी वाटावीत असं काहीतरी आलं: तिला आपली गरज नाही. सायकल, बाटली, गूळ, घड्याळ, काठी यांतलं काहीच लागत नाही. आपण सोबत येत होतो ते आपल्यासाठी.

चेन बसल्यावर तो जिवाच्या आकांताने पायडल मारत निघाला. वळणापलीकडे तीन गोंड बाया डोक्यावर मोहाच्या टोपल्या घेऊन येत होत्या. "बाई, कोनी दिसली का? धावत?" त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांतली वयस्कर बाई म्हणाली, "गेली." हाताने पुढे दाखवलं. मग थोडं थांबून, योग्य शब्द शोधत म्हणाली, "हासत गेली."

"कोनासोबत?"

"एकलीच."

ती त्याला दोन किलोमीटरवर भेटली, पण थांबलेली नव्हे. ठरलेल्या दगडाला वळसा घालून परत येत होती, तशीच, त्याच चालीने. चेहऱ्यावर मिठाचे पांढरे ओघळ सुकले होते. त्याने सायकल वळवली आणि सोबत निघाला. शेवटचा मैल संपला तेव्हा ती एका पडलेल्या ओंडक्यावर बसली. पाणी प्याली. मग त्याने विचारलं, "त्या बाया म्हने, तू हासून राह्यली होती."

"असंन."

"कायले?"

कांताने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. "तुमाले खरं सांगू का? पोरींसाठी धावतो, हे खरं हाय. सुरू कराच्या टाइमाले अंजनामावशी दिसते, बुधरी दिसते. पन सोळा मैलाच्या पुढं गेली ना जी, का मंग पोरी आठवत नाई. भिंत आठवत नाई. कोनीच आठवत नाई." ती थांबली. "तुमी बी नाई."

"मंग काय रायते?"

"काईच नाई रायत. मीच रायतो फक्त. आन् मले लई आवडते ते." हे बोलताना तिचा आवाज खाली आला, चोरी कबूल करावी तसा. "पाप हाय का?"

वामनला लागलं होतं, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. चार महिने तो मनाशी तिच्या धावण्याची कारणं मांडत होता: मुलींची दया, मावशीचं ऋण, न झालेलं मूल, मार्गारेट सिस्टरचा शब्द. ती सगळी कारणं खरी होती आणि सोळा मैलांपर्यंतच पुरत होती. त्यापुढे ज्या प्रदेशात ही बाई जात होती तिथे तो कधी गेला नव्हता, आणि तिथे त्याचं नावही कोणाला माहीत नव्हतं. आश्चर्य हे की दुखत असतानाच त्याला विलक्षण मोकळं वाटलं. असा प्रदेश आहे. त्याच्या घरातलं माणूस तिथे जाऊन येतं. तो म्हणाला, "नाई. पाप कायचं?" आणि गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवला.

सप्टेंबरात ती गेली. चंद्रपूर स्टेशनावर अंजनाबाई चार मुलींना घेऊन आली होती. तिने कांताच्या कपाळाला कपाळ लावलं आणि "जयभीम माय, जपून जाजो" एवढंच म्हणाली. शर्यतीच्या रविवारी वामनची दुसरी पाळी होती. सिस्टरच्या पत्राप्रमाणे शर्यत सकाळी दहाला सुटणार होती, म्हणजे इथले अडीच. त्याचं काम कोळशाच्या पट्ट्यावर. खाणीकडून आलेला कोळसा उंच गॅलरीतून बॉयलरकडे जातो, त्या पट्ट्याच्या कडेने चालत जाऊन पाहायचं, की रोलर अडला नाही ना, पट्टा सरकला नाही ना. एरवी तो एका पाळीत दोन फेऱ्या मारी. त्या दिवशी अडीचला निघाला आणि थांबलाच नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत, पुन्हा. काळी धूळ, आवाज, बाजूने अखंड वाहणारा कोळसा. आता पाचवा मैल. आता नववा. तिथे रस्ता कसा असेल? समुद्र आहे म्हणे, गार वारा आहे, सप्टेंबरातही स्वेटर घालतात. तो तिला त्या रस्त्यावर उभी करून पाहत होता, आणि बऱ्यापैकी दिसत होती. बाबुलाल वाटेत भेटला. "वामनभाऊ, आज पट्टा बिघडला का? किती चक्कर मारान?" वामन हातानेच 'काही नाही' म्हणाला. पाच वाजून गेले. त्याच्या हिशेबाने ती सोळाव्याच्या जवळ होती. आणि इथे त्याला ती दिसेनाशी झाली. त्याने पुष्कळ प्रयत्न केला. समुद्र दिसला, रस्ता दिसला, माणसं दिसली, ती नाही. तो गॅलरीत मध्येच थांबला. मग त्याला वाटलं, हेही बरोबरच. तिला कोणीच आठवत नसेल, तर आपण तिला का धरून ठेवायचं? त्याने आठवणं सोडलं. नुसता चालत राहिला. किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. भानावर आला तेव्हा गॅलरीच्या फटीतून संध्याकाळचं ऊन पट्ट्यावर आडवं पडलं होतं आणि प्रत्येक ढेकूळ चमकत होतं, आणि तो इतका वेळ कोण होता हे त्याला सांगता आलं नसतं.

मंगळवारी तार आली. 'शर्यत पूर्ण. तब्येत ठीक. कांता.' तारवाल्याने स्वतःच वाचून दाखवली आणि मग म्हणाला, "अभिनंदन करतो जी, काय असंन ते." त्या आठवड्यात सिस्टरचंही पत्र निघालं. लोकांनी ठरल्यापेक्षा भरभरून दिलं होतं. एका शाळेतल्या मुलांनी तर प्रत्येक मैलाला कांताच्या नावाचा फलक धरला होता, आणि त्यावर नाव चुकीचं लिहिलं होतं. बोर्डिंगचं काम दिवाळीनंतर सुरू झालं आणि पुढच्या जूनमध्ये सतराच्या सतरा मुली नव्या खोल्यांत गेल्या. बुधरी पहिल्या दिवशी भिंतीला हात लावून उभी होती, असं अंजनाबाईने कळवलं. हात काढेना म्हणे.

पण बोर्डिंगचं हे सगळं नंतरचं. कांता परत आली त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी, ती मागच्या दारी खुर्चीवर बसली होती आणि तिची पावलं गरम पाण्याच्या बादलीत होती. वामन ड्युटीवर जायला कपडे करून बाहेर आला. पाण्यात तिच्या पायाची तीन नखं काळी दिसली.

"हे काय झालं?"

"होते म्हन्ते असं. सगळ्यांलेच होते."

"दाखव."

"राहू द्या जी. तुमचे कपडे..."

तो खाली बसला, तिचा उजवा पाय बादलीतून काढून मांडीवर घेतला. बारा वर्षांत त्याने तिचा तळवा पाहिला नव्हता. टाचेला पडलेल्या भेगा, चवड्यावर कातडं घट्ट होऊन झालेली पिवळट गादी, बोटांच्या कडांना बरे होत आलेले फोड. त्याने टॉवेलने हळूहळू पुसलं. ती मागे डोकं टेकून, डोळे मिटून सांगत होती. "माह्या बाजूनं एक म्हातारा धावत होता. सत्तरीचा असंन. तेविसाव्या मैलाले त्यानं मले संत्र्याची फोड देल्ली. बोलला काई नाई. मी बी नाई."

"मंग?"

"मंग काय? खाल्ली. आपल्या नागपूरवानी गोड नोयती." थोड्या वेळाने ती म्हणाली, "एक हजार नऊशे बाविसावी आली मी." आवाजात असा आनंद होता, की जणू त्या नंबरच्या पुढे कोणी नव्हतंच. आणखी काही बोलेल म्हणून त्याने वाट पाहिली, पण तिचा श्वास लांब झाला होता. ती झोपली होती.

अंगठ्याचं काळं नख त्याच्या हाताखाली हललं. त्याने घाबरून हात मागे घेतला. पण ते सुटलेलंच होतं, आपोआप त्याच्या तळहातावर आलं. ती जागी झाली नाही. खाली नवं नख होतं, कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतकं पातळ. दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला. रस्त्यावर कंपनीची बस येऊन थांबली, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला आणि निघून गेला. मांडीवर पाय आणि हातात ते नख घेऊन वामन तसाच बसून राहिला. ते कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं.